रक्षक कोणाचे?

मोहगावहून समुद्र शेकडो मैल दूर. आमच्या मुलांनी पाहिलेले मोठ्यात मोठे पाणी म्हणजे पुरातली जाम नदी. तरीही गेल्या दिवाळीत माझ्या घरी आठ दिवस पाणबुडी चालत होती. भाच्याचा मुलगा छिंदवाड्याहून लॅपटॉप घेऊन आला होता. त्यावर ‘सायलेंट हंटर’ मालिकेतला एक जुना खेळ होता. तो ‘पनडुब्बी’ म्हणे, मी ‘पाणबुडी’ म्हणे. दोघांचीही बुडी सारखीच!

खेळात तो दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीचा कप्तान असतो. मालवाहू जहाज बुडवले की सोबतची रक्षक जहाजे मागे लागतात आणि वरून स्फोटके टाकतात. बोटीला तडा जातो, पाणी आत शिरते. दुरुस्ती करावी तर ठोकाठोकीचा आवाज वर ऐकू जाणार. न करावी तर बोट तळाला जाणार. पोर श्वास रोखून बसे. तिसऱ्या दिवसापासून मीही त्याच्यामागे उभा राहून “थांब, आत्ता नको” असे पुटपुटू लागलो, हे कबूल केले पाहिजे. वाचलो की पडद्यावर हिशेब येई : इतके हजार टन बुडवले.

एका संध्याकाळी मी विचारले, “अरे, ही रक्षक जहाजे रक्षण कोणाचे करतात?” तो म्हणाला, “दुश्मनाचे.” मग मला खुकरी आठवली.

९ डिसेंबर १९७१ ची रात्र. दीवजवळच्या समुद्रात आपल्या ‘खुकरी’ आणि ‘किरपान’ या दोन युद्धनौका पाकिस्तानी पाणबुडीच्या शोधात होत्या. ‘हँगोर’ या पाणबुडीने आधी किरपानवर पाणतीर सोडला, तो वाया गेला. दुसरा खुकरीला लागला आणि काही मिनिटांत ती बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. पुढे कित्येक दिवस आपल्या नौका आणि विमाने हँगोरला शोधत राहिली. ती निसटून कराचीला पोहोचली.

म्हणजे पोर ज्या खुर्चीत बसले होते, ती त्या रात्री हँगोरची होती. आणि ज्यांना चुकवायचे, ती जहाजे आपली.

“आजोबा, मग हँगोर वाईट होती?”

‘हो’ म्हणून मी मोकळा झालो असतो. पण तिच्या कप्तानाने आपली माणसे जिवंत घरी नेली, आणि आठ दिवस मी या पोराला दुसरे काय शिकवत होतो? उलट, ‘युद्धात सगळे सारखेच’ असेही मला म्हणवत नाही. ज्या घरचा माणूस खुकरीबरोबर गेला, त्या घरच्या ओसरीवर बसून हे वाक्य उच्चारण्याची माझी छाती नाही. न्याय कोणाच्या बाजूला, हा प्रश्न खराच आहे आणि १९७१ साली तो फार मोठा होता. पण तो सुटला की पलीकडची माणसे न दिसण्याची मुभा मिळते, असे आपण धरून चालतो. मग टनांचा हिशेब सोयीचा पडतो. खेळातल्यासारख्या खऱ्या जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या सुमारे ४० हजार खलाशांपैकी ३० हजारांच्या आसपास मेले. तेही कोणीतरी टनांतच मोजले असतील.

आपल्याला हे समजायला महायुद्ध तरी कशाला हवे? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमार आहेच. माझे आजोळ सावरगावचे, आणि आत्या दिलेली पांढुर्ण्याला. बारा-तेरा वर्षांचा असेन. मधे जामच्या पात्रात पळसाचे झाड, त्यावर झेंडा. सावरगावच्या काठावरून मी गोटा भिरकावला. पलीकडे एक मुलगा डोके धरून खाली बसला. आमच्या काठावर आरोळी उठली. त्यात माझीही होती. गोटा माझाच लागला की दुसऱ्याचा, कळायला मार्ग नव्हता. त्याला कोणी उचलून नेले आणि त्याच्या जागी दुसरा आला.

रात्री जेवताना आईने विचारले, “आत्याची पोरं होती का रे तिकडं?”

मी पाहिलेच नव्हते.