उखळ

दासगावच्या आमच्या जुन्या घरी पडवीत उखळ होते. आजी मुसळाने भात कांडायची आणि दोन घावांच्या मधे आई हात घालून दाणे सारायची. आजीची नजर मुसळावर नसे, आईच्या बोटांवर असे.

त्याच उखळावरून उखळी तोफेचे नाव. मे १८१८मध्ये आमच्या जवळच्याच रायगडावर कर्नल प्रॉथरच्या फौजेने तिचा मारा केला. गोळा उंच चढून तटापलीकडे पडतो, डागणाऱ्याला आतले काही दिसत नाही. आत बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई होती. गडावरच्या इमारती जळाल्या. 'नेम धरलाच नव्हता' म्हणायची सोय मात्र होती.

ती सोय पुढे आक्रसली. १९१५मध्ये विल्फ्रेड स्टोक्स या इंग्रज इंजिनिअरने पायदळासाठी तोफ अगदी साधी केली: गुळगुळीत नळी, तळाची बैठक, दोन पाय. गोळा तोंडातून सोडला की तळाच्या खिळ्यावर आपटून उडतो. तो हवेत कोलांट्या खाई. युद्धानंतर फ्रान्सच्या ब्रांटने शेपटीला पंख असलेला गोळा आणला आणि नेम सुधारला. आपल्या पायदळाची ८१ मिमीची तोफ त्याच घराण्यातली.

माझे अडते ते इथे. पाहणारा एक, हिशेब करणारा दुसरा, गोळा सोडणारा तिसरा. पाप असे वाटून कमी होते का? मला नाही वाटत, ज्याच्या त्याच्या वाट्याला ते अख्खेच येते. तरी नळीपाशी वाकलेल्या जवानाला दोषी म्हणायला जीभ रेटत नाही. पुढे अडकलेले त्याचे सोबती त्याच्याच भरवशावर असतात.

एकदा आजीचाही घाव चुकला. आईच्या करंगळीचे नख गेले. कितीतरी दिवस आजीने मुसळाला हात लावला नाही.