मळलेले आणि मोडलेले



एखादी वस्तू निकामी झाली, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला केव्हा प्राप्त होतो? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. वस्तू आपली, पैसा आपला. मग ती ठेवावी की टाकावी हे ठरविण्याचा अधिकारही आपलाच, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु या सहजपणात काही अन्याय तर दडलेला नाही ना, याचा विचार आज एका अगदी सामान्य उपकरणाच्या निमित्ताने करू या. ते उपकरण म्हणजे संगणकाचा माऊस. आणि तोही जुना, पोटात गोळी असलेला.

या उपकरणाचा जन्म अमेरिकेतला. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगलबार्ट यांनी त्याची कल्पना केली आणि त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास ती लाकडात उतरविली. लहानशी लाकडी पेटी आणि तिच्या तळाशी परस्परांशी काटकोनात बसविलेली दोन चाके, एवढेच त्याचे रूप होते. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. पुढे चाकांची जागा गोळीने घेतली. ट्रॅकबॉल, म्हणजे हाताने गोळाच फिरविण्याचे साधन, तर त्याहूनही जुने. ब्रिटिश नौदलासाठी काम करणाऱ्या राल्फ बेंजामिन यांनी ते १९४६ मध्ये योजिले होते.

१९९० च्या दशकात ज्यांनी संगणक हाताळला, त्यांना गोळीचा माऊस चांगला आठवत असेल. त्याची रचना मोठी सुबोध होती. रबराचे आवरण असलेली पोलादी गोळी टेबलावर फिरे. तिला टेकलेले दोन बारीक रूळ, एक आडव्या आणि एक उभ्या गतीसाठी, तिच्याबरोबर फिरत. आणि प्रत्येक रुळाच्या टोकाला खाचा पाडलेली चकती असे. चकतीच्या एका बाजूने अदृश्य अवरक्त प्रकाश पडे, दुसऱ्या बाजूस तो टिपला जाई. खाचांमधून प्रकाश किती वेळा लुकलुकला, यावरून संगणक हाताची चाल ओळखत असे.

काही महिन्यांनी मात्र पडद्यावरचा बाण अडखळू लागे, मध्येच उडी मारी, एका दिशेला सरकेनासाच होई. “माऊस बिघडला,” असा निवाडा तत्काळ दिला जाई. वास्तविक माऊस उलटा करून तळाची कडी बाणाच्या दिशेने फिरविली की गोळी हातात येई आणि खरे कारण समोर दिसे: रुळांच्या मधोमध मळाचे काळे, घट्ट कडे जमलेले असे. रूळ त्यामुळे ओबडधोबड होई आणि गोळी त्यावरून घसरे. दात कोरण्याच्या काडीने ते कडे अलगद सोडवावे, कापसाच्या बोळ्यावर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रूळ पुसावेत, गोळी साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन पूर्ण कोरडी करावी; दहा मिनिटांत उपकरण पूर्ववत चाले. ट्रॅकबॉलचे दुखणेही बहुधा असेच. गोळा बाहेर काढला की ज्या तीन इवल्या टेकूंवर तो तोललेला असतो, त्यांच्यावर मळाचे टिपके साचलेले आढळतात. ते पुसताच गोळा पुन्हा पाण्यासारखा फिरू लागतो.

आता विचार करा, हा मळ कुणाचा? टेबलावरची धूळ, बाहीचे तंतू, हाताचा घाम आणि त्वचेवरील तेलकटपणा. यात यंत्राचे स्वतःचे असे काहीच नाही. जे अडखळत होते ते आपल्याच वापराच्या खुणांमुळे, आणि दोषी मात्र ठरत होते यंत्र. मळलेले आणि मोडलेले यांत मोठे अंतर आहे. आणि उघडून पाहिल्यावाचून ते अंतर कळत नाही. माझ्या मते मूळ नैतिक प्रश्न येथेच आहे. वस्तू टाकून देणे हा दोष नव्हे. तपासल्यावाचून टाकणे हा दोष आहे.

काही वेळा वस्तू खरोखरच मोडलेली असते. एकदा दाबलेले बटण दोनदा दाबल्यासारखे उमटते, कारण आतील चिमुकल्या स्विचची धातूची पाती झिजलेली असते. वायर जेथून बाहेर पडते तेथे वाकून वाकून आतल्या तारा तुटतात. स्विच बदलून डाख देता येतो, वायरचा तुटका भाग कापून ती पुन्हा जोडता येते. पण चकतीच फुटली आणि सुटा भाग मिळेनासा झाला, तर हात जोडून निरोप घ्यावा. बंद पडलेल्या वस्तूंनी कपाटे भरणे ही काटकसर नव्हे. तो केवळ निर्णय टाळणे आहे.

यावर कुणी म्हणेल, “काही शे रुपयांच्या वस्तूसाठी एवढा खटाटोप कशाला? माझ्या वेळेला किंमत नाही काय?” आक्षेप रास्त आहे. परंतु त्या किंमतीत कुणाकुणाचे हिशेब धरलेले नाहीत, हेही पाहावे. दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांमध्ये तांब्यासाठी वायरी जाळणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात जाणारा धूर त्या किंमतीत नाही. ई-कचऱ्याविषयी आपल्याकडे २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये नियम झाले, उत्पादकांवर जबाबदारी आली. तरीही या कचऱ्याचा मोठा भाग आजही असंघटित कामगारांच्या उघड्या हातांतूनच जातो. आपली दहा मिनिटे वाचतात, तेव्हा ती कुणाच्या तरी खात्यावर मांडली जातात.

जुन्याचे पोवाडे गाण्याचाही येथे हेतू नाही. प्रकाशाने चालणारे माऊस १९९९ नंतर सर्वत्र पसरले आणि मळाच्या कड्यांपासून सुटका झाली, ही खरी सुधारणा होय. मात्र तळाच्या झरोक्यात अडकलेला एखादा केस त्यांनाही अडखळवतो, आणि स्विच त्यांचेही झिजतात. फरक असा की, जुन्या माऊसच्या तळावर कोरलेला बाण “मला उघडा” असे सांगत होता. आजच्या अनेक माऊसचे स्क्रू तळाच्या चिकट पट्ट्यांखाली लपविलेले असतात. जी वस्तू उघडता येते, ती आपल्याला तिचा विश्वस्त बनविते. जी उघडता येत नाही, ती केवळ गिऱ्हाईक करून सोडते. म्हणून विकत घेतानाच “ही उघडते कशी?” असे दुकानदाराला विचारणे हेही कर्तव्यच समजावे.

माणसे म्हणजे वस्तू नव्हेत. तेव्हा ही तुलना फार ताणू नये. तरी निवाडा करण्याची सवय एकच असते. जो हात उलटून पाहिल्यावाचून वस्तू फेकतो, त्या हाताच्या धन्याची जीभही “याच्यात आता काही राहिले नाही” हे वाक्य माणसांविषयी लवकर उच्चारते. उलटपक्षी, अडखळणाऱ्या गोष्टीत आपला स्वतःचा मळ किती, हे आधी शोधण्याची सवय ज्याला लागली, तो इतरांचा दोष सांगण्यापूर्वी क्षणभर तरी थांबेल.

वाचकहो, आपल्याही टेबलाच्या खणात एखादा जुना माऊस पडलेला असेल. तो टाकावयाचा तर खुशाल टाका, आणि तोही ई-कचरा रीतसर स्वीकारणाऱ्या केंद्रातच द्या. मात्र त्यापूर्वी एकदा तो उलटा करा, कडी फिरवा आणि आत पाहा.