काढून टाकलेल्या रेग्युलेटरचे काय करावे?

घरगुती वापराचा हवेचा कॉम्प्रेसर ही पारनेरसारख्या तालुक्याच्या गावी आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. ओसरीच्या कोपऱ्यात किंवा अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये तो उभा असतो. घरातला मुलगा शेजाऱ्यांच्या मोटारसायकलीत हवा भरून देतो, ट्रॅक्टरच्या फिल्टरमधली धूळ उडवतो, सणासुदीच्या आधी दारे-खिडक्यांना फवाऱ्याने रंग मारून देतो. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारा एखादा तरुण कारखान्यात हाताळलेले यंत्र घरी आणून चार पैशांचा जोडधंदा उभा करतो, असेही घडते. अशा यंत्राचा एक लहानसा भाग बिघडला आणि बदलावा लागला, तर त्यात चिंतन करण्याजोगे काय आहे, असे वाचक विचारतील. आमच्या मते पुष्कळ आहे. मात्र तो प्रश्न नवा भाग बसवताना नव्हे, तर जुना हातात आल्यावर उभा राहतो.

कॉम्प्रेसरच्या टाकीत हवा साधारणपणे आठ बारपर्यंत, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ११५ पौंडांच्या आसपास, कोंबलेली असते. मोटारसायकलच्या चाकाला तीस-पस्तीस पौंड पुरतात. हा फरक सांभाळण्याचे काम रेग्युलेटरचे. वरचा नॉब फिरवला की आतली स्प्रिंग दाबली जाते. स्प्रिंगखाली लवचिक पडदा आणि पडद्याखाली झडप असते. नळीतला दाब ठरल्या आकड्याला पोचला की पडदा वर उचलला जातो आणि झडप मिटते. हवा खर्च झाली की ती पुन्हा उघडते. झडपेच्या बैठकीत गंजाचा कण अडकला किंवा ती झिजली की झडप पुरती मिटत नाही. मग काम चालू असेपर्यंत सारे ठीक दिसते आणि काम थांबले की काटा हळूहळू चढू लागतो. तीसवर लावलेली नळी काही वेळाने शंभरावर उभी असते. निघोजजवळ कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना बारीक खड्यांचे सामर्थ्य समजावून सांगायला नको. तिथे भोवऱ्यात फिरणाऱ्या दगडगोट्यांनी काळा कातळ कोरून काढला आहे. इथे बोटाएवढ्या झडपेचा पाड काय!

एक गोष्ट ठळकपणे सांगावीशी वाटते, कारण पुष्कळांचा समज याच्या उलट असतो. टाकीवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह टाकीला फुटण्यापासून वाचवतो. नळीच्या टोकाशी उभ्या असलेल्या माणसाला वाचवणे हे त्याचे काम नव्हे. टाकीला सुसह्य असलेला दाब सायकलच्या ट्यूबला, फवाऱ्याच्या भांड्याला किंवा हवेने कपडे झटकणाऱ्या पोराच्या डोळ्याला सोसवत नाही.

बदलण्याचे काम तसे अर्ध्या तासाचे. वीज बंद करून पिन काढावी, टाकीखालची चावी उघडून हवा सोडून द्यावी आणि टाकीचा व नळीचा असे दोन्ही काटे शून्यावर आल्याखेरीज पाना उचलू नये. जुना रेग्युलेटर काढताना बाणाची दिशा पाहून ठेवावी, कारण हवा त्याच दिशेने वाहायला हवी. नवा भाग त्याच आट्यांचा आणि टाकीच्या कमाल दाबाहून अधिक दाब सोसणारा असावा. आटे पुसून त्यांवर टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे घ्यावेत, पहिला आटा मोकळा ठेवावा म्हणजे टेपचे तुकडे आत जाणार नाहीत. टाकी भरण्यापूर्वी नॉब पूर्ण सैल करावा, मग हळूहळू दाब वाढवून सांध्यांना साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले नाहीत आणि काम थांबवल्यावरही काटा जागचा हलला नाही, म्हणजे झाले.

आता जुना रेग्युलेटर हातात आहे. दिसायला तो धडधाकट आहे. काच फुटलेली नाही, नॉब फिरतो, हवाही जाते. दोष आत आहे आणि तो आपल्याखेरीज कोणालाही ठाऊक नाही. आठवडे बाजारात जुन्या हत्यारांच्या पथारीवाल्याला तो दिला तर थोडे पैसे येतील. मेहुण्याला दिला तर उपकार होतील. भंगारवाल्याला दिला तर तो वजनावर घेईल आणि पुढे कदाचित सुटा विकेल. यात आपण लबाडी केली का? आपण तर एक शब्दही खोटा बोललो नाही.

हा प्रश्न फार जुना आहे. सिसेरोने इ. स. पूर्व ४४ मध्ये कर्तव्यावर लिहिलेल्या ग्रंथात दोन तत्त्वज्ञांचा वाद मांडला आहे. एक जण आपले घर विकतो. घरातले दोष त्यालाच ठाऊक आहेत. बॅबिलोनच्या डायोजेनिसचे म्हणणे, न सांगणे वेगळे आणि लपवणे वेगळे. घ्यायची सक्ती कोणी केली? अँटिपॅटरच्या मते हे वाट चुकलेल्याला मुद्दाम न सांगण्यासारखेच आहे. सिसेरो स्वतः सांगण्याच्या बाजूचा. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनसने 'सुम्मा थिऑलॉजिका'मध्ये हाच प्रश्न घेतला आणि त्याला व्यवहारी धार दिली. घोडा एका डोळ्याने आंधळा आहे हे समोर दिसत असेल आणि किंमतही त्या मानाने कमी घेतली असेल, तर बोलण्याचे बंधन नाही. पण दोष झाकलेला असून त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान किंवा जिवाला धोका संभवत असेल, तर सांगितलेच पाहिजे. रेग्युलेटरची बैठक हा झाकलेला दोष आहे आणि त्यात धोकाही आहे. म्हणजे संतांच्या कसोटीला तो दोन्ही बाजूंनी उतरतो.

आपल्या देशाचा कायदा इतका पुढे जात नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातही दाखला घोड्याचाच आहे. लिलावात सदोष घोडा विकणारा नुसता गप्प राहिला, तर ती फसवणूक ठरत नाही. मात्र घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळे सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. तोच कायदा वस्तू उसनी देणाऱ्याला मात्र गप्प बसू देत नाही: खोडकर घोडा माहीत असूनही न सांगता दिला आणि स्वार पडला, तर देणारा जबाबदार. मेहुण्याला रेग्युलेटर वापरायला देणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. आणि दोष मुद्दाम झाकणे, उदाहरणार्थ आतून गंजलेल्या टाकीला विकण्यापूर्वी बाहेरून चकचकीत रंग देणे, हे तर कायद्यातही सरळ फसवणुकीतच मोडते.

आमचे मन त्या मुलीच्या दाखल्यापाशी अडते. बापाने लेकीला सांगावे आणि पथारीवरून घेणाऱ्या अनोळखी पोराला सांगू नये, ही रेघ न्यायालयाला सोयीची असेल. पण माझा शेजारी कोण, या प्रश्नाला येशूने दिलेले उत्तर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत आणि त्या कथेत मदत करणारा नात्याचा नव्हताच. जुना करार त्याआधीच घरच्या भाषेत बोलतो. नव्या घराच्या धाब्याला कठडा बांध, नाहीतर पडणाऱ्याचे रक्त तुझ्या घरावर येईल, असा 'अनुवाद'मधल्या आज्ञेचा आशय आहे. नगर जिल्ह्यातल्या धाब्याच्या घरांत वाढलेल्यांना तो लगेच कळतो. 'निर्गम'मध्ये मारका बैल आधीपासून ठाऊक असूनही मोकळा सोडणारा धनी दोषी ठरतो आणि खड्डा उघडा ठेवणाराही. पाणी न लागलेल्या बोअरवेल जिथे शिवारोशिवारी दिसतात, तिथे या शेवटच्या नियमाला भाष्य लागत नाही. २००६ मध्ये हरियाणात एक लहान मुलगा अशा बोअरमध्ये पडला आणि सुमारे दोन दिवसांनी सुखरूप निघाला. निरुपयोगी बोअर भरून वा झाकून टाकण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिले. काम संपलेल्या वस्तूचाही कोणी धनी असतो, हेच त्यामागचे तत्त्व.

एक आक्षेप आम्हाला हलका वाटत नाही. गरिबाला नवा रेग्युलेटर परवडत नाही. जुना मोडून टाकला तर त्याच्या हातून तेवढीही वस्तू जाईल आणि फेकून देण्याच्या संस्कृतीवर पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात केलेली टीका आपल्यालाच लागू होईल. यात तथ्य आहे. ज्याला झडप साफ करता येते वा पडदा बदलता येतो, अशा कारागिराला दोष सांगून तो भाग अवश्य द्यावा आणि किंमत दोषाच्या मानाने घ्यावी किंवा घेऊच नये. परंतु गरिबाला स्वस्त वस्तू हवी असते, स्वस्त अपघात नव्हे. शिवाय तोंडी सांगितलेला दोष वस्तूबरोबर फार दूर जात नाही. तिसऱ्या हाताला तो कळत नाही.

ज्याचे नाव १९७१ पासून दाबाच्या एककाला मिळाले, त्या पास्कलने १६५६-५७ मध्ये लिहिलेल्या पत्रांतून पापाला सोयीस्कर पळवाटा शोधणाऱ्या नीतिपंडितांची रेवडी उडवली होती. टीकेचा रोख येशूसंघीयांवर होता आणि तो सर्वस्वी न्याय्य नव्हता, असे आमचे मत आहे. तरीही, मी फक्त भंगारात दिला, पुढे विकला तो त्याने, ही पळवाट त्याच्या नजरेतून सुटली नसती. मिस्साच्या आरंभी म्हणायच्या पापकबुलीतही, केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचा उल्लेख आहेच.

तेव्हा कारागीर मिळाला नाही, तर भाग व्हाइसमध्ये धरून आटे ठेचावेत आणि मगच वजनावर द्यावा. धातूचे मोल तेवढेच येते. कॉम्प्रेसरच विकायचा असेल, मुलगा मुंबईला निघाला असेल, तर रेग्युलेटर कधी बदलला आणि टाकी किती वर्षांची आहे, हे तिच्यावर रंगाने लिहून ठेवावे. घेणारा किंमत पाडून मागेल, ही शक्यता आहेच.