अधिकारवाणी म्हणजे मोठा आवाज नव्हे



कफर्णहूमच्या सभास्थानात प्रभू येशू बोलू लागला तेव्हा लोक थक्क झाले, असे संत मार्क पहिल्या अध्यायात सांगतो. ते आवाजाच्या जोराने नव्हे, तर शब्दांतल्या अधिकाराने. अधिकारासाठी लॅटिनमध्ये 'औक्तोरितास' हा शब्द आहे. त्याचे मूळ 'वाढवणे' या क्रियापदात आहे. ज्या बोलण्याने ऐकणारा वाढतो, ते अधिकाराचे बोलणे. ज्याने तो दबतो, ती नुसती दमदाटी.

महायाजकाच्या चौकशीत येशूला चपराक बसली. तो ओरडला नाही आणि गप्पही बसला नाही. माझे काय चुकले ते दाखव. चुकले नसेल तर मारण्याचे कारण काय, एवढेच त्याने विचारले (योहान, अध्याय 18).

आपल्या देशातही असा एक प्रसंग घडला. डिसेंबर 1946 मध्ये संविधान सभेत पंडित नेहरूंच्या उद्दिष्टांच्या ठरावावर चर्चा चालू होती. मुस्लिम लीग गैरहजर होती. म्हणून ठराव तूर्त पुढे ढकलावा, असे बॅ. जयकरांनी सुचवले आणि सभागृह तापले. 17 डिसेंबरला अध्यक्षांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अचानक पुकारले. त्यांच्या आधी वीसेक वक्ते असल्याने त्यांची तयारी झाली नव्हती. काँग्रेसशी त्यांचे मतभेद तर जगजाहीर होते. पण त्यांनी जुनी उणीदुणी काढली नाहीत. ठरावातील उणिवा स्पष्ट सांगितल्या, देश एक होईल असा विश्वास दिला आणि सत्ता हाती असणे वेगळे व शहाणपण वेगळे, हे शांतपणे पटवले. सभागृहाने त्यांना मनापासून दाद दिली. ठराव पुढे ढकलला गेला आणि 22 जानेवारी 1947 रोजी मंजूर झाला. हेच बाबासाहेब 1954 साली आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. निवडणूक गेली, पण शब्दांचे वजन गेले नाही.

आपले काय? धुऱ्यावरून, पाण्याच्या पाळीवरून आपला आवाज चढतो. घरी लेकरांवर ओरडतो. पण ग्रामसभेत आपल्या हक्काचे विचारायचे तर तोंडातून शब्द फुटत नाही. गावात आपण ख्रिस्ती मोजकेच. 'तुमचा धर्म परका' असे कोणी म्हटले, तर आपण एकतर भांडतो, नाहीतर खाली मान घालून निघून येतो. संत पेत्र आपल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तिसरी वाट दाखवतो: आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सदैव तयार असावे, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्यावे. ज्याला आपण कोणाचे आहोत हे ठाऊक असते, त्याला ओरडावे लागत नाही.

या आठवड्यात आपण एवढे करू. उत्तर देण्यापूर्वी समोरच्याचे पूर्ण ऐकू. मनात एक लहानशी प्रार्थना करू. मग खरे तेच, थोडक्यात आणि त्याच्या डोळ्यांत पाहून बोलू. जे बोलायचे टाळत आलो, ते एक वाक्य तरी बोलू.

पवित्र आत्मा आपल्या जिभेला संयम आणि मनाला धैर्य देवो. आमेन.

आपले धर्मगुरू