महिनाभराचा किनारा

खानदेशाला समुद्र नाही, पण किनारा आहे, आणि तो उन्हाळ्यात वाढत जातो. फेब्रुवारीनंतर तापीवरच्या हतनूर धरणाचं पाणी दिवसागणिक मागे सरकतं. भुसावळ शहर, रेल्वे, दीपनगरचं वीज केंद्र, आजूबाजूची शेती, सगळ्यांची तहान त्याच साठ्यावर. मे उजाडेपर्यंत चांगदेवजवळच्या तापी-पूर्णा संगमाकडून खाली भेगाळलेला गाळ, गोटे आणि वाळूचे उंचवटे उघडे पडलेले असतात. १९८२ साली पूर्ण झालेल्या या धरणाची बातमी होते ती पुरात, त्याचे ४१ दरवाजे उघडतात तेव्हा. मेमधल्या हतनूरकडे कोणी पाहत नाही.

पक्षी पाहणारेही नाहीत. आपल्याकडे पक्षीनिरीक्षण हा हिवाळ्याचा छंद आहे. ऑगस्ट-सप्टेंबरपासून उत्तरेकडचे पाहुणे उतरू लागतात: तुतवार, पाणटिवळे, आर्क्टिकच्या टुंड्रावरून येणारा मुठीएवढा छोटा टिलवा. एप्रिलअखेर त्यांतले बहुतेक परत निघतात. होळीनंतर दुर्बिणी कपाटात जातात. पाहुणे गेले की मैफल संपली, असा आपला समज. पण या किनाऱ्यावरचा संसार नेमका तेव्हा ऐन भरात असतो. नदी सुरय, पाणभिंगरी, कंठेरी चिखल्या, टिटवी, मोठा करवानक हे इथलेच रहिवासी मार्च ते मे-जूनच्या दरम्यान उघड्या वाळूवर आणि गोट्यांत अंडी घालतात.

बहिणाबाईंमुळे खानदेशातल्या शाळकरी पोरालाही सुगरणीचा खोपा ठाऊक असतो. चिखल्याच्या घरट्यावर मात्र कोणी कविता करण्याची शक्यता नाही, कारण त्यात पाहण्यासारखं काही नसतं. गोट्यांमध्ये उकरलेला वाटीएवढा खळगा, त्यात तीन-चार अंडी, तीही गोट्यांच्याच रंगाची. न दिसणं हाच सगळा बंदोबस्त. तो फसला तर चिखल्या पंख मोडल्याचं सोंग घेऊन लंगडत, फडफडत कुत्र्याला दूर नेतो. टिटवी मेंढ्यांच्या कळपासमोर पंख पसरून उभी राहते. पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की पक्षी अंड्यांवर बसतो तो त्यांना सावली द्यायला. टिटवी तर पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि ओल्या अंगाने अंडी झाकते. अशा वेळी फोटोसाठी कोणी भर दुपारी घरट्यापाशी ठाण मांडलं आणि पाखरू उठून गेलं, तर अंड्यातला जीव उन्हात भाजून निघू शकतो. पाहायचंच असेल तर सकाळी लवकर, लांबून पाहावं आणि उन्हं चढायच्या आत निघावं.

एवढी जोखीम फार दिवसांची नसते. सुरयीची अंडी तीनेक आठवड्यांत फुटतात, चिखल्याची त्याहून थोड्या उशिरा, टिटवीची महिनाभरात. चिखल्याची आणि टिटवीची पिल्लं तर अंगावरची पिसं वाळताच चालू लागतात. म्हणजे एका जोडीला किनारा हवा असतो तो सुमारे महिनाभर, उडण्याइतकी पिल्लं मोठी होईपर्यंत धरला तर दोनेक महिने. आपला कायदा नेमका इथे अडतो. निसर्ग राखायचा म्हणजे नकाशावर रेघ ओढायची, हीच रीत आपल्याला ठाऊक आहे. धुळे जिल्ह्यात शिरपूरकडे अनेर धरणाचं अभयारण्य आहे, ते अशाच रेघेच्या आत. पाणथळ जागांसाठीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांतून सिंचनासाठी बांधलेले जलाशय सरळ वगळलेले आहेत. हतनूरसारख्या जागांची त्यामुळे पंचाईत होते. आणि गंमत अशी की, महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, नांदूर मध्यमेश्वर, हेही गोदावरी-कादवा संगमावरचा सिंचनाचा बंधारा आणि त्यात साठलेला गाळ यांतूनच घडलेलं आहे. पण रेघ मिळाली तरी या किनाऱ्याचा प्रश्न सुटेल, असं मला वाटत नाही. ही जागा दर वर्षी बुडते आणि दर वर्षी नव्याने उघडते. तिची हद्द आखायची तर ती तारखांनीच आखावी लागेल.

तारखांच्या बाबतीत आपली व्यवस्था किती आंधळी आहे, हे वाळूकडे पाहिलं की कळतं. पावसाळ्यात नदीतून वाळू काढायला बंदी असते. नदी तेवढ्या काळात वाळूची भर घालते, हे त्यामागचं कारण, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे उपशाचा सगळा जोर उन्हाळ्यावर येतो. गिरणा नदीच्या पात्रात ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात त्या अंड्यांच्या दिवसांत, आणि बंदी सुरू होते तोवर पिल्लं एक तर उडून गेलेली असतात किंवा चिरडली गेलेली. पाण्याचीही तीच कथा. गिरणा धरणातून उन्हाळ्यात पिण्यासाठी आवर्तन सुटतं आणि कोरड्या पात्रातल्या सखल वाळूवरून लोंढा जातो. टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस चांगला, नदीच्या पात्रात घातली तर कमी, असं जुनी माणसं सांगतात. तो अंदाज खरा-खोटा कसाही असो, सांगणाऱ्याने अंडी कुठे आहेत ते निदान पाहिलेलं असायचं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: माणसाला प्यायला पाणी नाही आणि तुम्हाला चिखल्याची पडली आहे. आक्षेप खोटा नाही. आवर्तन थांबवा असं कोणी शहाणा म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण आवर्तनाची तारीख आधी पक्की झाली, तर सुटणारं पाणी कुठवर चढतं हे दर वर्षीच्या अनुभवातून माहीत असतं, आणि त्या रेषेच्या वरचे उंचवटे तेवढ्यापुरते कुत्री, गुरं आणि ट्रॅक्टर यांच्यापासून राखता येतात. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर असंच केलं गेलं. पायपिंग प्लोव्हर हा आपल्या चिखल्याचा भाऊबंद १९८६ साली तिथल्या कायद्याच्या संरक्षणाखाली आला. घरटी असतील तेवढा किनाऱ्याचा तुकडा दोऱ्या बांधून हंगामापुरता बंद करायचा, हंगाम संपला की दोऱ्या सोडायच्या. मॅसॅच्युसेट्समध्ये तेव्हा दीडशेच्या आत असलेल्या जोड्या आज हजारावर गेल्या आहेत. लोक चिडले, अजूनही चिडतात. पण समुद्रस्नान काही बंद पडलं नाही.

उदाहरण अमेरिकेचं असलं तरी वेळेची वाटणी खानदेशाला परकी नाही. पांझरा नदीवरची फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी गावाने मिळून वाटून घेण्याची रीत, शेकडो वर्षं चालली ती बंधाऱ्याच्या दगडांइतकीच पाळीच्या शिस्तीवर. कोणत्या फडात यंदा कोणतं पीक, पाणी कोणाकडे केव्हा, हे आधी ठरायचं. पाटकरी पाणी फिरवायचा, जागल्या राखण करायचा. फडाला भाबडेपणाने डोक्यावर घेण्याचं कारण नाही, ज्याची जमीन त्यालाच तिथे पाणी होतं. तरीही नदी ही पाळीपाळीने वापरायची गोष्ट आहे, हे ती व्यवस्था जाणून होती. त्या पाळीत सुरयीला दीड-दोन महिने बसवणं फारसं अवघड नाही. गाळपेर करणारे, नदीत टरबूज-खरबुजांच्या वाड्या लावणारे, मासेमारी करणारे रोज तिथेच असतात. घरटी कुठे आहेत हे कोणत्याही पक्षीमित्राआधी त्यांना कळतं. राखणीचा मोबदला द्यायचा तर तो त्यांना द्यावा.

सगळीकडे हे जमणार नाही, हेही खरं. धुळे-नंदुरबारकडच्या तापीवर सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा असे बॅरेज झाले आणि बंधाऱ्यांच्या मागे पाणी तुंबून पात्रातले वाळूचे पट्टे खाली गेले. काठावरच्या शेतकऱ्याला उन्हाळ्यातही नदीत पाणी दिसतं, त्याच्या दृष्टीने हा चोख फायदा आहे. सुरयीच्या हातून मात्र तेवढी नदी गेली. जागतिक लाल यादीत ती आता ‘असुरक्षित’ गटात आहे. कर्नाटकात भद्रा जलाशयाचं पाणी उतरलं की वर येणाऱ्या बेटांवर तिच्या मोठ्या वसाहती बसतात. तिथे निदान पाणी उतरतं. बॅरेजच्या मागे ते उतरू द्यायचंच नसतं, तिथे तारखा काय ठरवणार?

म्हणून उरलेल्या जागांवर, म्हणजे हतनूरचा काठ, गिरणा, पांझरेचा वाहता भाग इथे, घाई करायला हवी. उन्हाळी आवर्तनं कालवा सल्लागार समितीत ठरतात, वाळूघाटांच्या अटी जिल्हाधिकारी कार्यालयात. दोन्ही कागद अंडी पडण्याच्या आधी तयार होऊ शकतात. कोणते उंचवटे मार्च ते मे वगळायचे, एवढी एक ओळ दोन्हींत यावी. रात्री चोरून वाळू भरणारा ट्रॅक्टर ती ओळ वाचणार नाही, हे कबूल. पण दिवसा, परवाना खिशात ठेवून चालणाऱ्या ट्रॅक्टरला ती वाचावी लागेल, आणि आज त्यालाही कोणी काही सांगत नाही.