भिंतीतली ओल

एकलहऱ्यात आम्ही चार वर्षे भाड्याने राहिलो. घर सोडायची वेळ आली तेव्हा घरमालकांनी एकच अट घातली : आतल्या खोलीची भिंत नीट करून द्या आणि अनामत घेऊन जा. भिंत कमरेइतक्या उंचीपर्यंत पार गेली होती. रंगाचे पोपडे सुटले होते, गिलावा बोट लावताच गळत होता, विटांवर पांढरा लोणा फुटला होता. ही ओल काही आम्ही आणली नव्हती. पण वाद घालण्यापेक्षा भिंत करून देणे सोपे वाटले. गवंडी आणि बिगारी लावायचे तर दोघांची मजुरी अनामतीतच वळती झाली असती. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत खडू ठेवून आम्हीच थापी हातात घेतली.

सुटा गिलावा विटेपर्यंत खरवडला. लोणा पाण्याने धुवायचा नसतो, क्षार विरघळून परत विटेत शिरतात. तो कोरड्या ब्रशाने झाडून काढला. मग विटा भिजवून, एकास चार अशी सिमेंट आणि चाळलेली वाळू कालवून गिलावा चढवला. आठवडाभर पाणी मारले, पुढे सुकू दिला. त्यावर पुट्टीचे दोन हात, पॉलिश पेपर, प्राइमर, रंग. मे महिन्याच्या अखेरीस भिंत इतकी गुळगुळीत झाली की आम्ही स्वतःवरच खूश होतो. अम्मी मात्र एवढेच म्हणाल्या, "बेटा, पानी का रास्ता बंद किया क्या?"

पाण्याचा रस्ता बंद झालाच नव्हता. घर बांधताना जोत्यावर ओल अडवणारा थर घातला नाही, तर जमिनीतले पाणी विटांच्या बारीक छिद्रांतून वर चढत राहते. विजेच्या केंद्राच्या राखेची वीट असो की भट्टीतली लाल, पाणी कोणाला सोडत नाही. आता दुकानांत, कार्यालयांत जिप्समच्या तक्त्यांच्या भिंती येऊ लागल्या आहेत. त्या भिजल्या की फुगतात, कागदाला बुरशी धरते आणि भिजलेला भाग कापून नवा तुकडा बसवावा लागतो. आमच्या विटेच्या भिंतीवर मात्र उन्हाळ्यात पुट्टी फिरवली, की पावसाळ्यापर्यंत कोणाला काही कळत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नवे भाडेकरू घर पाहायला आले. नवरा-बायको आणि कडेवर तान्हे मूल. बाईंनी भिंतीवरून हात फिरवला. "छान आहे हो घर," त्या म्हणाल्या. घरमालक शेजारी उभे होते. आम्ही गप्प राहिलो.

त्या रात्री झोप लागली नाही. सहीह मुस्लिममधली हदीस आठवत राहिली. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जाताना धान्याच्या एका राशीत हात घालतात, तो बोटांना ओल लागते. व्यापारी सांगतो, पावसाने भिजले. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे प्रेषित (स.) विचारतात आणि दगा देणारा आपल्यातला नाही, असे बजावतात. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट आम्ही वर्गातही सांगितलेली. पण व्यापाऱ्याने पाऊस पाडला नव्हता, हे त्या रात्री प्रथमच ध्यानात आले. पावसाबद्दल त्याला कोणी दोष दिला नाही. विकू नकोस, असेही म्हटले नाही. प्रश्न एवढाच होता की वर काय ठेवले आणि खाली काय.

आम्ही मनाशी बरेच वकिली मुद्दे काढले. आम्ही विकणारे नाही, भाडे आम्हाला मिळणार नाही, घर आमचे नाही. सांगायचे तर मालकांनी सांगावे. मुद्दे वाईट नव्हते. गवंड्याकडून काम करून घेतले असते तर कदाचित ते पटलेही असते. पैसे मोजून केलेल्या कामात 'आम्हाला काय माहीत' म्हणायची सोय असते. इथे लोणा आमच्याच नखांत होता. भिंत कुठवर सडली आहे हे जगात चारच जणांना ठाऊक होते, त्यातले तिघे आमच्याच घरातले. अमानत फक्त पैशाचीच असते का? कळलेली गोष्टही अमानतच की.

आणि चार वर्षांपूर्वी आम्ही आलो तेव्हाही हीच भिंत नव्या रंगात होती. आधीच्या भाडेकरूंना आम्ही पहिल्या पावसाळ्यात काय काय म्हटले होते, ते इथे लिहिण्यासारखे नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो. तोवर त्यांनी आगाऊ रक्कम देऊन सामानही आणले होते. खडूने भिंतीवर रेघ ओढून सांगितले, पावसात पाणी इथपर्यंत येईल. साहेब जरा चिडले. "मास्तर, हे परवा का नाही सांगितलंत?" आमच्याकडे उत्तर नव्हते. बाईंनी काही न बोलता पाळणा समोरच्या भिंतीकडे सरकवला.

घरमालकांकडून अनामतीतले दोन हजार अजून यायचे आहेत.