शेवटच्या बाकावरून पुढे

वसईच्या ख्रिस्ती गावांत रविवार उजाडतो तो मिस्सेच्या घंटेने. प्रार्थना मराठीत, गाणीही मराठीत. 1962 ते 1965 या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत मातृभाषेला जागा दिली आणि तिच्यासोबत साध्या भाविकालाही. आज शास्त्रपाठ वाचणारी बाई किंवा गायनवृंदातला तरुण आपल्याच आळीतला असतो.

तरीही गावात नव्याने राहायला आलेले कुटुंब बहुधा शेवटच्या बाकावर बसते आणि मिस्सा संपताच निघून जाते. ओळख नसते, संकोच असतो. तो मोडण्याची पहिली जबाबदारी जुन्या मंडळींची, असे मला मनापासून वाटते. दारात थांबून "कुठे राहता?" एवढे विचारले तरी पुरे. मग नव्या माणसानेही फादरांना भेटून आपण काय करू शकतो ते विचारावे. कामे पुष्कळ असतात : मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग, आजाऱ्याच्या घरची प्रार्थना, अंत्यविधीच्या वेळी लागणारे हात.

अशा कामाचे एक जुने उदाहरण आहे : 1833 साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम हा 20 वर्षांचा विद्यार्थी मित्रांना घेऊन गरिबांच्या घरी जाऊ लागला. त्यातून उभी राहिलेली संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी आज जगभरच्या धर्मग्रामांत तेच करते. घरी जायचे, बसायचे, ऐकून घ्यायचे, मग मदत. तुमच्या धर्मग्रामात तिची बैठक कधी भरते, हे आज मिस्सेनंतर फादरांना विचारा.